नशा करणारा माणूस आणि आपली समीक्षा

१

२६ जून हा दिवस महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म १८७४ साली याच दिवशी झाला. पुढे १९८७ साली संयुक्त राष्ट्रसंघाने ठराव करून हीच तारीख अमली पदार्थविरोधी दिन म्हणून मुक्रर केली. त्यामुळे आपल्याकडच्या महाविद्यालयांत एक विचित्र योग जुळून येतो. सकाळी महाराजांच्या प्रतिमेला हार घातला जातो आणि दुपारी त्याच सभागृहात, त्याच माइकवरून विद्यार्थ्यांकडून नशामुक्तीची शपथ वदवून घेतली जाते. सकाळच्या भाषणाचा विषय असतो, ज्यांना समाजाने वेशीबाहेर ठेवले त्यांना आत घेण्याचा. दुपारच्या भाषणात मात्र एका माणसाला वेशीबाहेर उभे करून दाखविलेले असते. पोस्टरवर कवटी असते, सिरिंज असते आणि तिच्या शेजारी काळवंडलेल्या चेहऱ्याचा तो असतो. तो बोलत नाही. त्याच्याविषयी पोलीस अधिकारी बोलतात, डॉक्टर बोलतात, प्राचार्य बोलतात. या दोन कार्यक्रमांत काही विसंगती आहे असे कोणाच्या मनातही येत नाही.

दिल्लीत हे दोन्ही विषय एकाच मंत्रालयाकडे आहेत. अनुसूचित जातींचे कल्याण पाहणारे सामाजिक न्याय व सक्षमीकरण मंत्रालयच अमली पदार्थांची मागणी कमी करण्याचे कामही पाहते. याच मंत्रालयासाठी एम्सच्या केंद्राने केलेले आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेले सर्वेक्षण सांगते की, देशात सुमारे साडेआठ लाख माणसे सुईवाटे नशा करतात. सरकारच्या दप्तरात आपण आणि ती माणसे एकाच छपराखाली आहोत. आपल्या साहित्यात आणि आपल्या विचारात त्यांची जागा कोणती, हा प्रश्न मात्र आपण अजून स्वतःला विचारलेला नाही.

हा प्रश्न या त्रैमासिकाच्या पानांवर उपस्थित करण्याचे कारण साहित्यिक आहे आणि सामाजिकही आहे. दलित साहित्याने मराठी समीक्षेला एक कसोटी दिली. ज्याने भोगले त्याने बोलावे, आणि त्याच्या बोलण्याला प्रमाण मानावे. सहानुभूती कितीही प्रामाणिक असली तरी ती स्वानुभवाची जागा घेऊ शकत नाही, हे आपण पन्नास वर्षे प्रस्थापित साहित्याला ठणकावून सांगत आलो. आज जगात नशा करणाऱ्यांच्या आरोग्याविषयी जो विचार पुढे आला आहे, त्याचा पाया हाच आहे. तो आपल्या कसोटीशी इतका जवळचा असताना आपण त्याच्याकडे पाठ फिरवून उभे का, हे तपासणे हा या लेखाचा हेतू होय.

२

आधी आपले शब्द तपासू. ज्या समाजाला नावे ठेवून मारले गेले, त्याला शब्दांची ताकद वेगळी सांगायला नको. 'गर्दुल्ला', 'चरशी', 'बेवडा' हे शब्द आपण सहज वापरतो. त्यांत माणसाच्या हातून घडणारी एक कृती त्याची पूर्ण ओळख होऊन बसते. जातीचे नावही असेच काम करीत आले. गर्दुल्ला म्हटले की तो कोणाचा मुलगा, कोणते काम करतो, त्याला क्षय आहे की कावीळ, हे विचारण्याची गरजच उरत नाही. त्याच्याजवळून जाताना आपण अंग चोरतो. त्याच्या हातचे पाणी घेत नाही. दवाखान्यात त्याला बाहेरच्या बाकावर थांबवले जाते. हा व्यवहार आपल्या ओळखीचा आहे. फरक इतकाच, की या वेळी बाकाच्या आतल्या बाजूला कदाचित आपण आहोत.

व्यसनमुक्तीच्या भाषेत आणखी एक शब्द आहे. नशा सुटलेल्या माणसाला 'क्लीन' म्हणतात. म्हणजे जो अजून घेतो तो घाणेरडा. शुद्ध आणि अशुद्ध यांची ही जुनीच वाटणी नव्या कपड्यांत आली आहे. शुद्धीकरण करून घेतल्याशिवाय देवळात प्रवेश नाही. नशा सोडल्याशिवाय दवाखान्यात, घरात, सभेत प्रवेश नाही.

आता साहित्याकडे वळू. मराठीत या विषयावर सर्वाधिक परिणाम घडविणारे लेखन म्हणजे अनिल अवचट यांचे 'गर्द'. मुंबईत ब्राउन शुगर पसरत होती त्या काळात त्यांनी ते लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने मुक्तांगण सुरू झाले. एखाद्या लेखनातून एवढी संस्था उभी राहणे ही मराठीत दुर्मिळ गोष्ट आहे, आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. व्यसन हा आजार आहे, पाप नव्हे, ही गोष्ट मध्यमवर्गाच्या घरात शिरली ती या लेखनामुळे. पण आपली कसोटी लावली तर 'गर्द' हे एका संवेदनशील पाहणाऱ्याचे लेखन आहे. त्यातला नशा करणारा माणूस लेखकापाशी बोलतो, आणि लेखक आपल्यापाशी. ही मर्यादा लेखकाच्या प्रामाणिकपणाची नाही. ती पाहणाऱ्याच्या जागेची आहे.

पुढच्या काळात स्वतः या वाटेने गेलेल्या माणसांनीही लिहिले. तुषार नातू यांची 'नशायात्रा' आणि 'बेवड्याची डायरी' ही पुस्तके त्यापैकी होत. इंग्रजीत जीत थायिल यांची 'नार्कोपोलिस' ही कादंबरी २०१२ साली आली. मुंबईच्या शुक्लाजी स्ट्रीटवरील अफूचे अड्डे आणि त्यांची जागा घेणारा गर्द हा तिचा विषय. लेखकाने आपण स्वतः दीर्घकाळ त्यात होतो हे जाहीरपणे सांगितले आहे. म्हणजे स्वानुभव आला. पण तो कोणत्या अटीवर आला? नशा सुटल्यानंतर. बोलण्याचा अधिकार मिळतो तो बाहेर पडलेल्याला. जो आज आत आहे, ज्याला आज संध्याकाळी टर्की लागणार आहे, त्याचा 'मी' कोठेच नाही. वाल्याचा वाल्मीकी झाल्यावरच त्याला लेखणी मिळते, ही आपल्या संस्कृतीची फार जुनी अट आहे. दलित आत्मकथनाने अशी कोणतीही अट मानली नव्हती. आधी सुधारा, आधी स्वच्छ व्हा, आधी आमच्यासारखे बोला आणि मग लिहा, असे सांगणाऱ्यांना आपण नकार दिला. तोच नकार या माणसाच्या बाजूने देण्याची वेळ आली, तेव्हा आपण का गप्प बसलो?

आपल्या साहित्यात तो माणूस नव्हताच असे नाही. बाबुराव बागुलांच्या 'मरण स्वस्त होत आहे' (१९६९) मधल्या झोपडपट्टीत तो आहे. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'त (१९७२) तर नशेचे अवघे जग त्याच्या स्वतःच्या भाषेत येते, कबुलीजबाब न देता आणि कोणाची क्षमा न मागता. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) दारूत बुडालेला बाप आहे, आणि त्याच्याकडे पाहणाऱ्या मुलाच्या नजरेत तिटकारा नाही, तशी सबबही नाही. अशी नजर हे दलित साहित्याचे मोठे देणे होते. पण आपल्या समीक्षेने ते पुढे नेले नाही. तिने बापाच्या दारूला दारिद्र्याचा पुरावा म्हणून वापरले आणि पुढे गेली. वर्गात 'बलुतं' शिकवताना माझा अनुभव असा, की मुले बापाविषयी बोलू लागली म्हणजे आवाज खाली जातो. प्रत्येकाच्या घरात किंवा शेजारच्या खोलीत तो आहे, आणि त्याच्याविषयी बोलायला आपण त्यांना लाजेशिवाय दुसरी भाषा दिलेली नाही.

३

ज्या विचाराचा वर उल्लेख केला तो साध्या शब्दांत असा. माणूस आज नशा सोडू शकत नसेल, तर निदान त्या नशेने तो मरू नये, त्याला एचआयव्ही होऊ नये, कावीळ होऊ नये, सुई टोचलेल्या जागी जखम सडू नये. सोडायची वेळ येईल तेव्हा तो जिवंत असला पाहिजे. याला हानी कमी करण्याची पद्धत म्हणतात. तिची साधने अगदी साधी आहेत. वापरलेली सुई घेऊन नवी द्यायची. गर्दाऐवजी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवायला द्यायची किंवा मेथाडोन पाजायचे, म्हणजे टर्की लागत नाही, चोरी करावी लागत नाही, कामावर जाता येते. जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधे २००५ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. गर्दाचा डोस जास्त होऊन श्वास थांबू लागला, तर नालॉक्सोन नावाचे औषध माणसाला परत आणते. आणि या सर्वांच्या मुळाशी एक गोष्ट आहे: हे काम त्यांच्यातल्याच माणसाने करायचे. सरकारी योजनेत त्याला पिअर म्हणतात. आपण सोबती म्हणू.

हा सोबती म्हणजे सोय म्हणून ठेवलेला नोकर नव्हे. या पद्धतीचा जन्मच त्याच्या हातून झाला आहे. १९८४ साली ॲमस्टरडॅममध्ये नशा करणाऱ्यांच्या संघटनेने, सुयांवाटे कावीळ पसरत असल्याचे पाहून, महापालिकेच्या मदतीने सुया बदलून देण्यास सुरुवात केली. ती कल्पना डॉक्टरांच्या परिषदेत सुचली नाही. ज्यांचे मित्र पिवळे पडून मरत होते त्यांना ती सुचली. आपल्या देशात १९९० च्या सुमारास मणिपूरमध्ये सुईवाटे नशा करणाऱ्यांत एचआयव्ही झपाट्याने पसरल्याचे उघड झाले, आणि त्यानंतर ईशान्येत, दिल्लीत, कलकत्त्यात अशी कामे उभी राहिली. मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने रस्त्यावर राहणाऱ्या, सुई घेणाऱ्या माणसांमध्ये जाऊन हे काम केले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे २००७ नंतर, गोळीचा उपचार सरकारी धोरणाचा भाग झाला.

कायद्याची गोष्ट मात्र दुतोंडी आहे. १९८५ चा अमली पदार्थविषयक कायदा सेवन करणाऱ्यालाही गुन्हेगार ठरवतो. त्याच्या कलम २७ प्रमाणे गर्द घेणाऱ्याला एक वर्षापर्यंत, तर गांजा घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातून संरक्षण आहे. पण हे कलम त्याला कोण सांगणार? २०१७ आणि २०१८ मधल्या मुंबईतील खटल्यांचा विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने अभ्यास केला. शिक्षा झालेले जवळजवळ सगळे केवळ सेवनासाठी पकडलेले होते, बहुतेक गांजासाठी, आणि त्यांत भरणा होता तो झोपडपट्टीत किंवा रस्त्यावर राहणाऱ्या रोजंदारांचा. नशा सर्व थरांत आहे. खटला मात्र रस्त्यावर राहणाऱ्यावर होतो, कारण त्याला नशा करायला बंद दार नाही.

दुसरीकडे २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याचे कलम २२ म्हणते की, एचआयव्हीचा धोका कमी करण्यासाठी केलेले काम हा गुन्हा होणार नाही. आणि उदाहरण म्हणून त्यात सुई बदलून देणारा कार्यकर्ता आणि ती घेणारा माणूस, दोघेही दिले आहेत. म्हणजे देशाच्या एका कायद्याने या माणसाला कैदी ठरविले आणि दुसऱ्याने रुग्ण आणि नागरिक ठरविले. या दोहोंच्या मधल्या फटीत सोबती काम करतो. त्याच्या झोळीत सुया असतात, आणि चौकीतल्या शिपायाने कलम २२ वाचलेले नसते.

या क्षेत्रातल्या संघटनांनी न्यायालयातही मोठे काम केले आहे. अमली पदार्थांच्या दुसऱ्या मोठ्या गुन्ह्याला फाशीच दिली पाहिजे, अशी सक्ती कायद्यात होती. इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्कच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जून २०११ मध्ये ही सक्ती घटनाबाह्य ठरविली, आणि २०१४ च्या दुरुस्तीने कायद्याची भाषाही बदलली. ज्यांच्याविषयी कोणालाच सहानुभूती नाही, त्यांच्यासाठी घटनेचे कलम २१ घेऊन उभे राहणे, हे आंबेडकरी काम आहे असे मी म्हणेन.

४

येथे आपल्यातलाच वाचक अडवील. तो म्हणेल, बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलात मद्यापासून दूर राहण्याचे शील आहे. मग नशा करणाऱ्याला सुई देणे हे धम्माशी प्रतारणा करणे नव्हे काय?

आक्षेप गंभीर आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. आपल्या वस्त्यांत दारूने घरे धुऊन नेली आहेत. बायकांनी मार खाल्ला आहे, मुलांच्या फीचे पैसे गुत्त्यावर गेले आहेत. ज्या बाईने हे सोसले, तिला हानी कमी करण्याची भाषा सांगायला जाणारा आधी तिचे ऐकून घेणारा असला पाहिजे. प्रतिज्ञेने हजारो घरे सावरली हे सत्य आहे. परंतु प्रतिज्ञेचे रूप पाहा. प्रतिज्ञेत बोलणारा 'मी' आहे. ती प्रथमपुरुषी आहे. ती घेणारा स्वतःला बांधून घेतो. शेजाऱ्याला तुरुंगात घालण्याचा अधिकार ती देत नाही.

आणि राज्यसंस्थेने काय करावे याविषयी बाबासाहेबांचे मत वेगळे नोंदवलेले आहे. १९५१ साली पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने जो जाहीरनामा काढला, त्यात दारूबंदीला स्पष्ट विरोध आहे. कारणे दोन प्रकारची दिली आहेत. बंदीने सरकारचा महसूल बुडतो. आणि बंदीने दारू थांबत नाही. ती चोरून घरात गाळली जाते, बायकामुलांच्या डोळ्यांदेखत गाळली जाते, आणि गुन्हेगारी वाढते. ज्यांनी स्वतः आयुष्यभर दारूला स्पर्श केला नाही, त्यांच्या पक्षाचा हा जाहीरनामा आहे. व्यक्तीचे शील आणि पोलिसांचा दंडुका या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींत मिसळल्या नाहीत. आपण प्रतिज्ञा लक्षात ठेवली आणि जाहीरनामा विसरलो.

घटनेचे कलम ४७ हेही असेच अर्धे वाचले जाते. मादक पेये आणि हानिकारक अमली पदार्थांवर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, एवढाच भाग भाषणांत येतो. त्याच कलमाचा आरंभ लोकांचे पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे या प्राथमिक कर्तव्यांनी होतो, आणि बंदीलाही औषधी उपयोगाचा अपवाद आहे. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी या अपवादात बसते. घटना समितीत या तरतुदीवर चर्चा झाली तेव्हा जयपालसिंग मुंडा यांनी आदिवासींच्या तांदळाच्या दारूचा प्रश्न मांडला होता, हेही पालघरसारख्या वारली-कातकऱ्यांच्या जिल्ह्यात विसरता येणार नाही.

धम्माची गोष्ट निघालीच आहे, तर विनयपिटकातल्या महावग्गातला एक प्रसंग आठवावा. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडून होता. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो कोणाच्या उपयोगाचा राहिला नव्हता. तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन त्याला स्वतः धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले, आणि संघाला सांगितले की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. हा आजार त्याच्या चुकीने आला काय, अशी चौकशी त्यांनी केली नाही. शील आणि शुश्रूषा यांत विरोध आहे, असे धम्माने कोठे म्हटले आहे?

५

दुसरा आक्षेप डावीकडून येतो, आणि तो अधिक धारदार आहे. नशा हे शोषितांना झोपवून ठेवण्याचे हत्यार आहे. सुई देऊन आणि गोळी देऊन तुम्ही त्यांना झोपेतच ठेवता. व्यवस्था तशीच राहते.

या आक्षेपाला एक इतिहास आहे आणि तो आपल्या घराण्याचा आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव ज्या ब्लॅक पँथरकडून घेतले, तिच्यापुढे हाच प्रश्न न्यूयॉर्कमध्ये उभा होता. काळ्यांच्या वस्त्या हेरॉइनने पोखरल्या होत्या. १९७० साली पँथरच्या मायकेल टेबर यांनी हेरॉइन आणि भांडवलशाही यांची बेरीज म्हणजे वंशसंहार, अशी मांडणी करणारी पुस्तिका लिहिली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्याच वर्षी जुलैमध्ये पोर्तो रिकन तरुणांच्या यंग लॉर्ड्स संघटनेने साउथ ब्राँक्समधल्या मोडकळीला आलेल्या लिंकन रुग्णालयाचा ताबा घेतला, आणि नोव्हेंबरमध्ये पँथर आणि इतर कार्यकर्त्यांसह तेथे व्यसनोपचार केंद्र सुरू केले. जे स्वतः हेरॉइनमधून गेले होते ते तेथे काम करीत. उपचाराबरोबर राजकीय शिक्षण चाले. कायमची मेथाडोन देत राहण्याला त्यांचा विरोध होता. ती त्यांना नवी बेडी वाटे. १९७८ साली प्रशासनाने पोलीस पाठवून या कार्यकर्त्यांना बाहेर काढले.

या इतिहासातून मी दोन गोष्टी घेतो. पहिली, नशेचा राजकीय अर्थ ओळखणाऱ्या संघटनेने नशा करणाऱ्याला टाकून दिले नाही. रुग्णालय ताब्यात घेतले. दुसरी, गोळी ही बेडी आहे की शिडी, हे ठरविण्याचा अधिकार ती घेणाऱ्याला असावा. मेथाडोनविषयीची लिंकनमधल्या कार्यकर्त्यांची भीती पुढच्या अनुभवाने पूर्णपणे खरी ठरली नाही. ही औषधे घेणारे कमी मरतात, हे आज वैद्यकाने मान्य केले आहे. पण सरकारने माणसाला गोळीच्या रांगेत उभे करायचे, आणि काम, घर, शिक्षण यांविषयी बोलायचेच नाही, ही त्यांची शंका आजही जिवंत आहे. १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित पँथरने 'दलित' या शब्दात जातींबरोबर कामगार, भूमिहीन, स्त्रिया आणि राजकीय, आर्थिक व धर्माच्या नावाने पिळले जाणारे सर्व, यांना सामावून घेतले. त्या व्याख्येच्या दारावर हा माणूस उभा आहे. त्याला आत घ्यायचे की नाही, हे आपण ठरवायचे आहे.

६

आता हा विचार आपल्या जमिनीवर आणू. वसई-विरारची महापालिका २००९ साली झाली, पालघर जिल्हा २०१४ साली. मुंबईत भाडे परवडेनासे झालेली माणसे वर्षानुवर्षे येथल्या चाळींत येऊन राहिली. आधीपासून आगरी, कोळी, सामवेदी, वाडवळ, ख्रिस्ती आणि आदिवासी पाडे होतेच. पहाटेच्या लोकलला लटकून जाणे आणि रात्री परतणे, यांत येथल्या माणसाचे आयुष्य जाते. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी नालासोपाऱ्यात सातशे किलोहून अधिक मेफेड्रोन, म्हणजे ज्याला पोरे एमडी म्हणतात ते, पकडले. त्याची किंमत १४०० कोटी रुपये सांगण्यात आली. वर्तमानपत्रांनी किलो छापले, कोटी छापले. हे ज्यांच्या शरीरात जाते त्या पोरांच्या आरोग्याचे काय, हा प्रश्न त्या बातम्यांत अभावानेच दिसला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गर्दाला पर्याय म्हणून गोळी आहे. एमडीला तशी गोळी नाही. म्हणून एमडी घेणाऱ्याला मदत म्हणजे झोप, पाणी, अन्न, मनाच्या आजारावर उपचार, दारूबरोबर न मिसळण्याचा आणि एकाची नळी दुसऱ्याने न वापरण्याचा सल्ला, एचआयव्ही आणि काविळीची तपासणी. हे सर्व सांगायला पांढऱ्या कोटापेक्षा त्याच चाळीतला, त्याच टोळक्यातला माणूस लागतो, कारण रात्री दोन वाजता छाती धडधडू लागली की पोरगा फोन करतो तो त्यालाच.

गर्दाच्या रुग्णाची अडचण निराळी आहे. गोळीचा उपचार केंद्रावर रोज, डोळ्यांसमोर दिला जातो. रोजंदारीवरच्या माणसाने रोज कामाआधी केंद्र गाठायचे. केंद्र गाडीने जाण्याच्या अंतरावर असेल, तर त्याची अर्धी मजुरी उपचार खातो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, सामान्यांसाठी लोकल बंद झाली, तेव्हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने काही दिवसांच्या गोळ्या घरी नेण्याची मुभा दिली. म्हणजे विश्वास ठेवता येतो. अडचण सरकारची झाली तेव्हा तो ठेवला गेला. अडचण मजुराची असते तेव्हाही ठेवला गेला पाहिजे.

वसईला व्यसनोपचाराची परंपरा नाही असे नाही. फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्यात सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनचे केंद्र वसईतही आहे. नशा सोडू इच्छिणाऱ्याला अशा जागा हव्याच. परंतु जो आज सोडायला तयार नाही, त्याचा हक्क संपतो काय? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मनोविकारांना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले, उपचाराचा हक्क दिला, आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली. राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८ पासून हिपॅटायटिस सीचा उपचार मोफत आहे आणि तो बहुधा तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. हे हक्क मिळवण्यासाठी आधी शुद्ध होण्याची अट कोणत्याही कायद्यात नाही.

सोबत्याच्या स्थितीविषयीही बोलले पाहिजे, नाहीतर आपली स्तुती पोकळ ठरेल. जो वापरलेल्या सुया गोळा करतो, ज्याला पोलीस अडवतो, ज्याच्या डोळ्यांसमोर मित्र मरतो, त्याला वेतन मिळत नाही; मानधन मिळते. योजना वरून येते, नोंदवही वरून येते, आणि सर्वांत जोखमीचे, घाणीचे काम सर्वांत खालच्या माणसाकडे येते. या रचनेला जुने नाव आहे: बलुतं. सोबत्याला पगार, विमा, आणि योजना ठरविणाऱ्या बैठकीत खुर्ची मिळाल्याशिवाय तिला त्यांच्यातल्या माणसांनी चालविलेली योजना म्हणणे ही फसवणूक आहे. बायकांची गोष्ट आणखी मागे आहे. नशा करणारी बाई केंद्रावर यायलाही धजत नाही. तिच्यासाठी सोबती बाईच हवी.

सोपाऱ्याच्या मातीत १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला, आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही येथेच सापडला. त्या लेखात राजा सांगतो की, पूर्वीचे राजे शिकारीसाठी फिरत. आपण मात्र लोकांना भेटण्यासाठी, वृद्धांना देण्यासाठी, गावच्या माणसांशी बोलण्यासाठी यात्रा करतो. आज याच गावात शासन नशा करणाऱ्याकडे येते ते बहुधा छाप्याच्या रूपाने. शिकार आणि भेट यांतला फरक दोन हजार वर्षांपूर्वी या जमिनीवर कोरला गेला होता.

समीक्षकाने यात काय करावे? आपली कसोटी तिच्या शेवटापर्यंत न्यावी. गर्दुल्ला हा शब्द लेखणीतून काढावा. ज्याची नशा अजून सुटलेली नाही त्याचे कथन आले, तर त्याला पश्चात्तापाची अट घालू नये. कार्यकर्त्याने कलम २२ आणि कलम ६४-अ यांची मराठी प्रत खिशात ठेवावी आणि ती चौकीवर, वस्तीत, महापालिकेच्या दवाखान्यात वाचून दाखवावी. शिक्षकाने शपथेच्या कार्यक्रमाला अशा एका माणसाला बोलवावे आणि त्याला मंचावर खुर्ची द्यावी. विद्यार्थ्याने आपल्या चाळीतल्या त्या मित्राला विचारावे की तुला काय हवे आहे, आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे. प्रतिज्ञा ज्याने त्याने आपली पाळावी. दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी मात्र आपणा सर्वांची आहे, आणि तो जीव शुद्ध आहे की नाही हे विचारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.